चौथ्या गिअरमध्ये दबणारा आवाज

भारतात स्पोर्ट्स कार बनवण्याचे जे मोजके प्रयत्न झाले, त्यांतले दोन आपल्या अगदी जवळचे आहेत. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये 'स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची गाडी काढली. तिच्यात रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन होते. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने 'रोडस्टर' बनवली. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनच्या वळणाची ही गाडी उघडी आणि बुटकी, बसलेल्या माणसाचा हात सहज रस्त्याला लागेल अशी. तिचे १.८ लिटरचे इंजिन इसुझूच्या घराण्यातले. हिंदुस्तान मोटर्स कॉन्टेसात आणि ॲम्बॅसेडरच्या '१८०० आयएसझेड' या मॉडेलमध्ये बसवत असे, तेच.

अशी एक जुनी रोडस्टर हिंगोलीत आहे, असे समजू. गिअरबॉक्समधून घरघर येते आहे. बनवणारे अलिबागला, स्पोर्ट्स कारची सवय असलेले मिस्त्री पुण्या-मुंबईला. मालकाला पहिला सल्ला मिळेल तो गाडी ट्रकवर टाकून पुण्याला पाठवण्याचा. माझे मत वेगळे आहे. गाडी दुर्मीळ असली तरी तिचा आजार दुर्मीळ नाही. अकोला-नांदेड महामार्गावरचे ट्रक, वसमतच्या हळदीच्या वाहतुकीतल्या गाड्या, सेनगाव-कळमनुरीकडच्या जुन्या जीप, सगळ्यांच्या गिअरबॉक्सचे मूळ तत्त्व एकच आहे. हिंगोलीच्या मिस्त्रीने चिंकारा आयुष्यात पाहिली नसेल, पण तिच्या पोटातले बेअरिंग त्याने शेकडो वेळा हातात घेतलेले असते. मात्र एक अट आहे. बॉक्स उतरवण्याआधी आवाजाची पूर्ण चौकशी झाली पाहिजे. इथे घाई झाली की चांगला बॉक्स खोलला जातो, हजारो रुपये जातात आणि घरघर तशीच राहते, कारण ती मुळात मागच्या चाकाची असते.

चौकशी करायची तर आत काय फिरते ते माहीत हवे. मागची चाके ओढणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तीन मुख्य दांडे असतात. क्लचकडून येतो तो इनपुट शाफ्ट. त्याच रेषेत पुढे, पण त्याच्यापासून सुटा, मेन शाफ्ट. तो मागे प्रोपेलर शाफ्टला फिरवतो. या दोघांच्या खाली समांतर असतो तो ले शाफ्ट, ज्याला बरेच मिस्त्री काउंटर शाफ्ट म्हणतात. इनपुट शाफ्टवरचे एक चाक ले शाफ्टला सतत फिरवते. ले शाफ्टवरची बाकीची चाके मेन शाफ्टवरच्या चाकांना सतत भिडलेली असतात, पण मेन शाफ्टवरची ही चाके सुयांच्या बेअरिंगवर मोकळी फिरतात. आपण गिअर टाकतो तेव्हा दाते दात्यांत घुसत नाहीत. ते तर आधीच गुंतलेले असतात. एक सरकती बाही त्या मोकळ्या चाकाला मेन शाफ्टशी बांधते, एवढेच. बांधण्याआधी दोघांचा वेग एक करणारी पितळी कडी म्हणजे सिंक्रो रिंग. ही सोय कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. त्याआधी चालकाला कानाने वेग जुळवून गिअर टाकावा लागे.

आता या रचनेतली सर्वांत उपयोगी गोष्ट. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद इनपुट शाफ्टवरून खाली ले शाफ्टवर जाते आणि तिथून पुन्हा वर मेन शाफ्टवर येते. चौथ्यात मात्र बाही इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट यांना थेट जोडून टाकते. ले शाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर भार उरत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये येणारी घरघर चौथ्यात एकदम दबत असेल आणि पाचव्यात परत येत असेल, तर ले शाफ्टच्या किंवा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर बोट ठेवायला हरकत नाही. खालच्या गिअरमध्ये भार जास्त, म्हणून तिथे आवाजही मोठा. दोघांतला दोषी नेमका कोण हे बाहेरून नेहमी कळत नाही, आणि तशी गरजही नसते. बॉक्स उघडला की दोन्ही बदलायचीच.

गोव्याच्या स्टॉर्मला ही परीक्षा लागू पडत नाही. तिचे इंजिन आडवे आहे आणि ती पुढची चाके ओढते. अशा बॉक्समध्ये दोनच मुख्य शाफ्ट असतात. प्रत्येक गिअरची ताकद एका शाफ्टवरून दुसऱ्यावर जाते, थेट जोडणीचा गिअरच नसतो. तिथे खराब बेअरिंग सगळ्या गिअरमध्ये बोलते. आपण कोणत्या रचनेची गाडी तपासतो आहोत हे आधी ठरवले नाही, तर बरोबर परीक्षासुद्धा चुकीचे उत्तर देते.

पहिली तपासणी गाडी उभी असतानाच करावी. हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, क्लचवरून पाय काढा आणि ऐका. या अवस्थेत इनपुट शाफ्ट आणि ले शाफ्ट फिरत असतात. मेन शाफ्ट थांबलेला असतो. इथे घरघर येत असेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावर काही क्षणांत विरून जात असेल, तर ती या दोन शाफ्टच्या बेअरिंगची. उलट क्लचला पाय नुसता टेकवताच बारीक करकर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. क्लच पुरता दाबल्यावरच, इनपुट शाफ्ट थांबल्यावर, चीं असा आवाज येत असेल, तर इंजिनाच्या फ्लायव्हीलकडचे छोटे पायलट बेअरिंग. शेवटच्या दोन आजारांत गिअरबॉक्सचे पोट उघडावेच लागत नाही. बॉक्स खाली उतरवावा लागतो खरा, पण आतल्या चाकांना हात लावायचे कारण नाही.

याच वेळी एक फसवी खडखड ऐकू येऊ शकते. इंजिन अगदी हळू चालताना न्यूट्रलमध्ये दाते एकमेकांवर सैलसर आपटतात. ॲक्सिलरेटर जरासा दाबला की ती जाते. हा बहुधा इंजिनाच्या अडखळत्या आयडलिंगचा किंवा क्लच प्लेटच्या थकलेल्या स्प्रिंगांचा परिणाम असतो. आधी कार्ब्युरेटर आणि इग्निशन नीट करा.

मग रस्ता. गर्दी नसलेला, सरळ, सपाट तुकडा निवडा. बाजूला एखादी लांब दगडी भिंत असेल तर उत्तमच, कारण तिच्यावर आपटून येणारा आवाज उघड्या गाडीत फार स्पष्ट ऐकू येतो. साठच्या वेगाला न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिन चालूच ठेवा आणि गाडी घरंगळू द्या. इंजिन बंद करायचे नाही. स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. आता इनपुट आणि ले शाफ्ट आयडलिंगच्या वेगाने फिरताहेत आणि मेन शाफ्ट गाडीच्या वेगाने. आवाज गाडीच्या वेगाबरोबर चालू राहिला, तर तो मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगचा किंवा त्याच्याही पलीकडचा. पलीकडे प्रोपेलर शाफ्ट आहे, त्याचे सांधे म्हणजे क्रॉस आहेत, डिफरन्शियल आहे, चाके आहेत. क्रॉस झिजला की क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना 'टक्' होते. डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनचा सूर इंजिन गाडीला ओढताना एक असतो आणि पाय काढल्यावर गाडी इंजिनाला ढकलू लागली की बदलतो. चाकाचे बेअरिंग वळताना उघडे पडते. हलकेच डावीकडे वळवले की भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजवीकडे घ्यायचा. उजवीकडे वळवताना वाढला तर डावीकडे.

एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरची जोडी पाहायची. गिअर टाकताना खर्र होत असेल आणि एकदा पडल्यावर सगळे शांत असेल, तर सिंक्रो रिंग. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल, तर बाही, तिला धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग किंवा शाफ्टचा मागे-पुढे वाढलेला खेळ.

लोटस सेव्हनच्या वळणाच्या गाडीत गिअरबॉक्स दोन आसनांमधल्या अरुंद बोगद्यात असतो, चालकाच्या अगदी जवळ. आवाज शोषणारे गालिचे, अस्तर काही नाही. त्यामुळे अशा गाडीत निरोगी बॉक्ससुद्धा चांगलाच ऐकू येतो आणि मालक उगाच घाबरतो. दुसरीकडे, खरा बिघाड फार लवकर कानावर पडतो, बेअरिंगचे तुकडे दात्यांत जाऊन सगळा बॉक्स निकामी होण्याच्या कितीतरी आधी. हा मोठा फायदा आहे आणि तो वाया घालवू नये.

आवाजाची अशी चौकशी करण्यात जगातली फार हुशार माणसे गुंतलेली आहेत, आणि त्यांचे एक ठिकाण हिंगोली जिल्ह्यातच उभे राहायचे आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक पडला तरी तो टिपायचा आहे. अशा यंत्राला लांबच्या रस्त्यावरचा ट्रकही त्रास देतो, म्हणून जागा निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली. अमेरिकेतल्या हॅनफर्ड इथल्या लायगोमध्ये २०१७ साली मोजमापात एक विचित्र खरखर येऊ लागली. आवारातल्या मायक्रोफोनवर तीच खूण सापडली, तेव्हा कळले की ती आकाशातून आलेली नाही. शोध घेतल्यावर दिसले की द्रव नायट्रोजनच्या पाइपावर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते. पाइपावर आवरण घातल्यावर खरखर थांबली. पद्धत तीच आहे, जी मिस्त्री क्लच दाबून आणि सोडून वापरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज कशाबरोबर येतो, कशाबरोबर जातो ते पाहायचे.

शास्त्रज्ञ त्याला आकड्यांची जोड देतात, आणि ती आपल्यालाही देता येते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर इनपुट शाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो. त्याच्या चाकाला समजा २० दाते आहेत. मग दाते भिडण्याचा सूर ५० गुणिले २०, म्हणजे १००० हर्ट्झचा. सगळे दाते सारखे झिजले असतील, तर हा सलग, उंच सूर ऐकू येतो. एकच दात तुटला असेल, तर ठोका सेकंदाला ५० वेळा पडतो आणि वेगात त्याची जाडसर गुरगुर होते. म्हणून तुटलेला दात शोधायला गाडी अगदी रांगत चालवावी. तिथे टकटक सुटी-सुटी ऐकू येते. बेअरिंगचे गणित आणखी वेगळे. आठ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला, तर गोळ्या त्यावरून शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात साधारण ३.२ वेळा जातात. आतल्या कड्यावर पडला, तर साधारण ४.८ वेळा. म्हणजे ५० फेऱ्यांना अंदाजे १६० आणि २४० हर्ट्झ. हे आकडे दात्यांच्या हिशेबात बसत नाहीत, आणि तीच त्यांची ओळख. मोबाइलवर आवाजाचे पट्टे दाखवणारे ॲप मिळते, त्यावर हे बऱ्यापैकी दिसते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बॉक्सवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवूनही बेअरिंगची जागा सापडते, फक्त फिरत्या भागांपासून हात आणि कपडे दूर ठेवून.

यानंतर तेल, आणि इथे मी वाचकाला थोडा आग्रह करणार आहे. कित्येक बॉक्सची घरघर तेल कमी असल्याने सुरू होते. गिअर ऑइल जळत नाही. कमी झाले म्हणजे कुठल्या तरी सीलमधून गेले. गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नव्हे तर चार भक्कम स्टँडवर उभी करून बाजूचा प्लग काढायचा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. मग बॉक्स गरम असताना खालचा प्लग काढून सगळे तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला, तर ती नेहमीची झीज. तेलात सोनेरी चमक दिसली, तर पितळी सिंक्रो रिंग झिजते आहे. चमकदार पोलादी पापुद्रे म्हणजे बेअरिंगचे किंवा दात्याचे कडक कवच सुटू लागले आहे. आता गाडी चालवू नये. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. पावसात कयाधूच्या काठचे ओढे ओलांडणाऱ्या जीपमध्ये हे घडते. गरम बॉक्स पाण्यात थंड होताना हवेच्या नळीतून पाणी आत ओढून घेतो.

नवे तेल पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे. काही बॉक्सना गिअर ऑइल नव्हे, इंजिन ऑइलच लागते. जिथे जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले आहे तिथे डिफरन्शियलचे जीएल-५ ओतू नये. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जास्त तीव्र असतात. ती पितळ खाऊ शकतात, आणि घर्षण इतके कमी करतात की सिंक्रो रिंगला पकडच येत नाही. आवाज दाबण्यासाठी घट्ट तेल किंवा लाकडाचा भुसा भरणे ही जुन्या गाड्यांच्या बाजारातली जुनी लबाडी आहे. विकत घेताना बॉक्स संशयास्पद शांत असेल आणि थंडीत गिअर जड पडत असतील, तर तेल काढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

बॉक्स उतरवताना इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅकचा आधार द्यायचा आणि बॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. तो इनपुट शाफ्टवर क्षणभरही लोंबू देऊ नये, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवेच दुखणे सुरू होते. उघडल्यावर प्रत्येक भागाचा फोटो काढा, सर्कलिप आणि शिम क्रमाने कापडावर मांडा. कुठला शिम कुठे होता हे विसरले की शाफ्टचा खेळ बिघडतो.

बेअरिंग हातात आले की त्यावरचा आकडा वाचा. समजा तो ६३०६ आहे. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतले भोक मिळते, ३० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ७२ आणि रुंदी १९ मिलिमीटर. जगातल्या कोणत्याही कंपनीचे ६३०६ याच मापाचे असते. ते स्पोर्ट्स कारमध्ये बसते, तसे विजेच्या मोटरीतही बसते. म्हणून कार्लेखिंडीच्या गाडीचे साधे बॉल बेअरिंग हिंगोलीत पंपाच्या मोटरीचे बेअरिंग विकणाऱ्या दुकानात मिळू शकते. आकड्यापुढची अक्षरे मात्र सोडू नका. 'सी३' म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, गरम होणाऱ्या बॉक्ससाठी. 'एनआर' म्हणजे बाहेरच्या कड्यावर खाच आणि त्यात अडकणारी रिंग. ती नसेल तर बेअरिंग जागेवर राहणार नाही. दुकानदाराने 'चालतंय की' म्हटले तरी ही अक्षरे जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सिंक्रो रिंग आणि दातेदार चाके अशी मिळत नाहीत. तिथे इसुझूचे नाते कामी येते. कॉन्टेसा २००२ च्या सुमारास बंद झाली, ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी त्यांचे सुटे भाग जुन्या बाजारांत, मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणी, शोधता येतात. नेताना जुना भाग बरोबर न्या आणि दाते मोजून जुळवा. सिंक्रो रिंग चाकाच्या कोनावर दाबून दोघांच्या दात्यांमधली फट फीलर गेजने मोजा. बऱ्याच बॉक्समध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग संपली असे धरतात. नेमका आकडा पुस्तिकेचा. आणि गुंतणाऱ्या दोन चाकांपैकी एकच कधी बदलू नका. दोघे एकत्र झिजून एकमेकांना सरावलेले असतात. जुन्याशी नवे चाक लावले की दुरुस्तीनंतरचा आवाज आधीपेक्षा मोठा येतो.

बेअरिंग बसवण्याच्या कामात मी हट्टी आहे. हातोड्याने ठोकलेले नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आजारी पडते. शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या कड्यावर, घरात बसवताना फक्त बाहेरच्या. जोर गोळ्यांमधून गेला की कड्यांवर सूक्ष्म खळगे पडतात, आणि महिन्याभराने तीच घरघर परत येते. तेलात शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गरम केलेले बेअरिंग शाफ्टवर हाताच्या दाबाने सरकते. ज्वाळा थेट लावू नये.

ट्रॅक्टरवर कान तयार झालेल्या मिस्त्रीला इथे एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत सरळ कापलेल्या दात्यांची चाके असतात. पूर्ण दात एकदम भिडतो, त्यामुळे तो उंच सूर ट्रॅक्टरला स्वाभाविक असतो आणि कुणी त्याची तक्रार करत नाही. कारच्या पुढच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. ते कडेपासून हळूहळू भिडतात, म्हणून शांत. या तिरकसपणामुळे चाके शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही ढकलली जातात. म्हणूनच कारच्या बॉक्समध्ये शाफ्टचा मागे-पुढे खेळ इतक्या काळजीने मोजायचा असतो, आणि म्हणूनच ट्रॅक्टरमध्ये चालून जाणारा आवाज इथे चालत नाही.

बॉक्स परत चढवताना क्लच प्लेट डमी शाफ्टने मध्यावर आणा. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही टोकांची ऑइल सील त्याच वेळी बदला. ती स्वस्त आहेत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवण्याची मजुरी त्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होते. पहिले पाचशे किलोमीटर गाडीला ओढ देऊ नका. मग तेल काढून चुंबक पाहा. थोडा राखाडी लेप असेल, तर नवे तेल भरून गाडी कशीही चालवा. रिव्हर्समधला उंच सूर तेवढा राहील. तिथले दाते बहुतेक गाड्यांत सरळच कापलेले असतात, आणि कारखान्यातून निघतानाही तो सूर तसाच येत होता.